ताई, पाच मॅचमध्ये काढलं, आता कोचिंग सोडू का?

पत्र: ताई, मी कोल्हापूरचा, वय ३७. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला आहे आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो, ११ वर्षं झाली. कोचिंगचं सी लायसन्स आहे. स्वतः मोठा प्लेअर कधीच नव्हतो, तालमीच्या टीममध्ये बेंचवरच जास्त. गेल्या सीझनला बाहेरगावच्या एका क्लबनं सिनियर टीम दिली. पाच मॅच झाल्या, एक जिंकली, एक ड्रॉ, तीन हरलो, आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. आता पेठेत लोक विचारतात, काय कोच, कधी आलासा परत? बायको म्हणते बास झालं. माझ्या डोक्यात मात्र असं आहे की आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एवढे कोच स्पेनचे, तर तिथंच जाऊन कोर्स करावा, गावाकडची दहा गुंठे विकायची तयारी आहे. त्या टीममधला १९ वर्षांचा लेफ्ट बॅक अजून मेसेज करतो, सर प्रॅक्टिस कधी, मी रिप्लाय देत नाही, देणार काय. खरं सांगा, संपलं का माझं?

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या रात्रीच्या मेसेजपाशीच थांबले, कारण ११ वर्षं पोरं घडवणाऱ्या माणसाला दोन ओळीत घरी पाठवायचं आणि समोर बसून बोलायचंसुद्धा नाही हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हाला तीन मॅच हरल्याचं जेवढं लागलंय त्याच्यापेक्षा हे जास्त लागलंय. पाच मॅचमध्ये कोच कळत नसतो. पाच मॅचमध्ये तर कुठला पोरगा खरंच डावखुरा आहे आणि कुठला नुसता दुसरं कोणी नाही म्हणून तिकडं उभा केलाय एवढंसुद्धा धड कळत नाही. तर उत्तर आधीच देऊन टाकते, नाही संपलं. पण नुसतं नाही म्हणून तुमचं समाधान होणार नाही हे मला माहितीये, आणि शिवाय ती दहा गुंठे आणि स्पेन हा विषय आहेच, त्यावर मला बरंच बोलायचंय, कारण तुम्ही स्पेनच्या कोचेसकडं बघून जो अर्थ काढलाय तोच मला चुकलेला वाटतो.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळं तीन वर्षं एल प्रातला राहिलेय. बार्सिलोनाचं विमानतळ ह्याच गावात आहे, त्यामुळं डोक्यावरून विमान जाणं तिथं रोजचंच. गावाचा स्वतःचा क्लब आहे, त्याचं नावही प्रात, आणि तिथून मला खालच्या लीगच्या मॅच बघायची सवय लागली, आज ह्या गावात तर पुढच्या रविवारी शेजारच्या. बहुतेक ठिकाणी दुपारी बाराची मॅच, प्लॅस्टिकचं गवत, एका बाजूला पायऱ्या, कोपऱ्यात छोटा बार, तिथं लांबड्या पावात ऑम्लेट घालून देतात, आणि पहिल्या रांगेत ठरलेले आजोबा जे ९० मिनिटं रेफरीला आणि कोचला सोडून तिसऱ्या कुणाशी बोलत नाहीत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला केएसए लीगची मॅच बघितलेल्या माणसाला तिथं अजिबात परकं वाटणार नाही. फक्त एक गोष्ट वेगळी होती आणि तीच तुम्हाला सांगायचीये, ती पुढं येईल.

आधी तिथल्या पायऱ्या समजून घ्या. सगळ्यात वर ला लीगा, २० टीम. खाली सेगुंडा, २२ टीम. त्याच्या खाली २०२१ पर्यंत सेगुंडा बी होती, चार ग्रुप, साधारण ८० टीम, आणि वर्षाला फक्त चार टीम वर जायच्या. आता ती मोडून प्रिमेरा फेडरेशन केलंय, ४० टीमचं, त्याच्या खाली सेगुंडा फेडरेशन, ९० टीम, त्याच्या खाली तेर्सेरा, १८ ग्रुप, आणि त्याच्याही खाली जिल्ह्या-तालुक्याच्या लीग. तिसऱ्या पायरीच्या खाली गेलात की प्लेअर दिवसा कुठंतरी कामाला असतात आणि प्रॅक्टिस रात्री आठ-साडेआठला सुरू होते. कोचचंही तसंच. करार एका वर्षाचा, तोही डिसेंबरपर्यंत टिकला तर टिकला. बातमी येत नाही, टीव्हीवर दिसत नाही. पोरं कोचला "मिस्टर" म्हणतात, मानानं, लहानपणापासूनची सवय.

आता दोन माणसांची गोष्ट सांगते, दोघांचंही नाव मनोलो. म्हणजे मूळ मानुएल, घरगुती मनोलो, आपल्याकडं पांडुरंगचा पांडू होतो तसं.

पहिला तुम्हाला माहितीच असेल, मनोलो मार्केझ, आपले पेपरवाले मार्क्वेझ लिहितात. एफसी गोवाचा कोच, वर्षभर भारताचाही कोच होता. लोकांना वाटतं स्पेनहून आलेला म्हणजे बार्सा नाहीतर रेआल माद्रिदच्या आसपास वावरलेला असणार. तसं काही नाही. १९६८ चा जन्म, बार्सिलोनाचाच, पण त्याचं सगळं कोचिंग त्या शहराच्या कडेकडेनं झालं. युरोपा, प्रात, बादालोना, आणि एस्पान्योल ह्या बार्सिलोनाच्या दुसऱ्या मोठ्या क्लबची बी टीम, म्हणजे दुसऱ्या फळीची. युरोपा हा ग्रासिया नावाच्या पेठेचा क्लब आहे, १९२९ ला पहिली ला लीगा झाली तेव्हाच्या दहा टीमपैकी एक, आणि नंतर तो जो खाली घसरला तो आजतागायत परत ला लीगात गेलेला नाही, पण पेठ त्याला सोडत नाही. बादालोना हे शेजारचं समुद्राकाठचं शहर, तिथं लोकांचा जीव बास्केटबॉलमध्ये, फुटबॉलवाल्यांना जागा मिळेल तिथं. असल्या ठिकाणी हा माणूस वर्षानुवर्षं कोचिंग करत राहिला. वयाच्या ४८ व्या वर्षापर्यंत ला लीगाच्या बेंचवर एक मिनिट बसलेला नव्हता. ४८, भाऊ. तुमच्यापेक्षा ११ वर्षं मोठा.

मग लास पाल्मासची बी टीम मिळाली. हे कॅनरी बेटांवरचं शहर, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. २०१७ मध्ये त्यानं त्या पोरांना तेर्सेरामधून (तेव्हाची चौथी पायरी) सेगुंडा बीत नेलं आणि त्याच उन्हाळ्यात क्लबचा मोठा कोच कीके सेतिएन सोडून गेला, तर क्लबनं ह्यालाच वरच्या टीमला घेतलं. ला लीगा! बघा म्हणजे किती वर्षांनी. आणि किती मॅच टिकला? सहा. दोन जिंकल्या, चार हरल्या, सप्टेंबर संपायच्या आत राजीनामा दिला. तुमच्यापेक्षा एक मॅच जास्त.

हे वाचून नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. त्याच्यानंतर काय झालं ते बघा. त्याच्या जागी आलेला पाको आयेस्तारान दोन महिने टिकला, मग आलेला पाको खेमेझ, तोही टीम वाचवू शकला नाही, लास पाल्मास त्या सीझनला खाली गेलंच. म्हणजे दोष किती कोचचा आणि किती टीमचा हे सहा मॅचवरून कुणालाच सांगता आलं नसतं. तुमच्याही बाबतीत मला हेच म्हणायचंय, पण एक अट आहे, त्याच्यावर नंतर येते.

तर लास पाल्मास सुटल्यावर मार्केझ घरी बसला नाही. क्रोएशियात इस्त्रा नावाच्या क्लबला गेला, मग थायलंडला रात्चाबुरीला, दोन्हीकडं फार काळ काही जमलं नाही. विचार करा, पन्नाशीचा माणूस, घर बार्सिलोनात, आणि हा थायलंडमधल्या एका क्लबला कोचिंग करतोय. मग २०२० मध्ये हैदराबाद एफसीनं बोलावलं. ती टीम आदल्या सीझनला दहापैकी दहावी आलेली, शेवटची. आयएसएलचे पुढचे दोन सीझन कोविडमुळं सगळे गोव्यातच झाले. पहिल्या वर्षी हैदराबाद पाचवं आलं, थोडक्यात प्लेऑफ हुकलं, आणि दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ ला, फातोर्ड्याला फायनल. समोर केरळा ब्लास्टर्स. हैदराबाद एक गोलनं मागं, आणि ८८ व्या मिनिटाला बेंचवरून आलेल्या साहिल ताव्होरानं असला काही व्हॉली मारला की बास, मग पेनल्टी, आणि लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन अडवल्या. दोघंही गोव्याचे. त्या हैदराबादच्या स्क्वॉडमध्ये तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला त्या टीममध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू, आकाश मिश्रा, आशीष राय, लिस्टन कुलासो ही पोरं. ही नावं त्याच्या हाताखाली मोठी झाली. विशी-बाविशीतल्या पोराला चुका करायला देऊन परत पुढच्या मॅचला उतरवायचं, हे ज्यानं आयुष्यभर बी टीम आणि गरीब क्लब चालवलेत त्यालाच जमतं, कारण तिथं पर्यायच नसतो, बाजारातून नवीन लेफ्ट बॅक आणायला पैसे नसतात, आहे त्यालाच शिकवावं लागतं. प्रात आणि बादालोनाला जे हातात बसलं तेच त्यानं हैदराबादला वापरलं. माझं मत आहे की त्याची खरी शाळा तीच होती.

आणि नंतर सगळं गोडच झालं असंही नाही. २०२४ च्या जुलैमध्ये भारताचा कोच झाला, एफसी गोवा सांभाळत सांभाळत, ८ मॅच, फक्त १ जिंकली, मालदीवविरुद्ध, ४ ड्रॉ, ३ हरल्या, शेवटची हाँगकाँगमध्ये, आणि वर्षभरात बाहेर. दोन नोकऱ्या एकाच वेळी घ्यायला नको होत्या असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्याच काळात, मे २०२५ मध्ये, गोव्यानं भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, फायनलला जमशेदपूरला ३-० हरवून. आणि ऑक्टोबरमध्ये अल नस्रसारखी टीम, रोनाल्डोचा सौदीतला क्लब, मॅच खेळायला फातोर्ड्याला आली. रोनाल्डो आला नाही, गोवा २-१ नं हरलं, पण ब्रायसन फर्नांडिसनं त्यांना गोल मारला आणि गोव्याच्या बेंचवर प्रात-बादालोनावाला हा माणूस होता. एकाच माणसाच्या एकाच वर्षात हे सगळं. करिअर हे असं असतं, वर-खाली-आडवं, आणि ते आपण पाच मॅचच्या तुकड्यावरून मोजायला बसतो.

आता दुसरा मनोलो. मनोलो गोन्झालेझ, १९७९ चा, गालिसियातल्या डोंगरी भागात जन्मलेला, वाढला-राहिला बार्सिलोनाकडं. हा शहर बसचा ड्रायव्हर होता. म्हणजे खरोखर बार्सिलोनात बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात कोचिंग. मोंतान्येसा म्हणून नोउ बारिस ह्या कामगार वस्तीतला क्लब आहे तिथून सुरुवातीची वर्षं, मग बादालोना (हो, तोच बेंच ज्याच्यावर पहिला मनोलोही बसून गेला), मग एब्रो, पेन्या देपोर्तिवा, आणि मग एस्पान्योलची बी टीम, ती पण दोघांच्या वाट्याला आली. मार्च २०२४ मध्ये एस्पान्योल सेगुंडात अडकलेलं, एकाच सीझनला दोन कोच बदलून झालेले, तेव्हा क्लबनं घरातल्याच माणसाला वर घेतलं, बहुतेकांना वाटलं तात्पुरतं. जूनमध्ये प्लेऑफच्या फायनलला ओविएदोकडं १-० हरले आणि घरी २-० जिंकून ला लीगात गेले. पुढच्या वर्षी ला लीगात टिकायचं का नाही हे शेवटच्या दिवसापर्यंत लटकलेलं, आणि शेवटची मॅच २-० जिंकून टिकले. समोर कोण होतं? लास पाल्मास. मला तर त्या दिवशी पहिल्या मनोलोचीच आठवण आली.

भाऊ, तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून संध्याकाळी ग्राउंडवर जाता ना, ह्या माणसानंही तेच केलं. त्यामुळं "नोकरी करणारा कोच म्हणजे अर्धा कोच" असं जे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय (ते वर छापलं नाही कारण पत्र लांब होतं) ते डोक्यातून काढून टाका. नोकरीमुळंच तो एवढी वर्षं खालच्या लीगला टिकू शकला. घरभाडं कोचिंगच्या पैशावर अवलंबून असतं तर पहिल्याच वाईट डिसेंबरला त्याला फुटबॉल सोडावं लागलं असतं. म्हणून एमआयडीसीतली नोकरी सोडू नका, कुठल्याही परिस्थितीत आत्ता नाही.

लोक तुम्हाला उनाई एमेरी ह्या नावाजलेल्या स्पॅनिश कोचची गोष्ट सांगतील. लोर्काच्या टीममध्ये खेळत होता, गुडघा गेला, डिसेंबर २००४ मध्ये ३३ व्या वर्षी त्याच टीमचा कोच केला आणि जूनपर्यंत टीम सेगुंडात. छान गोष्ट आहे, खरी आहे, पण ती लाखात एकाची. त्याच्यावर स्वतःला मोजू नका. मोजायचंच असेल तर बोर्दालास ह्या दुसऱ्या स्पॅनिश कोचवर मोजा, आलिकांतेच्या आसपासच्या क्लबांमधून नव्वदीत सुरुवात, आणि ला लीगाच्या बेंचवर पहिल्यांदा बसला तेव्हा ५३ वर्षांचा. मधे आलावेसला ला लीगात चढवलं तर वर गेल्यावर त्याच क्लबनं दुसरा कोच आणला. मग गेताफेला घेऊन परत चढला, आणि २०१८-१९ ला त्याच गेताफेला पाचवं आणलं.

आता ती वेगळी गोष्ट जी मी मघाशी राखून ठेवली होती. सेगुंडा बीच्या ग्रुपमध्ये २० टीम असल्या की वर्षाला ३८ मॅच. प्रत्येक रविवारी मॅच. सोमवारी चूक आठवायची, मंगळवार ते शुक्रवार तिच्यावर काम करायचं, रविवारी परत परीक्षा. दहा वर्षांत हे ३८० वेळा होतं. आणि अंडर-१० ची पोरंसुद्धा तिथं शाळेच्या वर्षासोबत महिनोन्‌महिने लीग खेळतात, नुसती सात दिवसांची नॉकआउट स्पर्धा नाही की हरलात की डबे भरा. तुम्ही ११ वर्षं शिकवताय, पण त्यात मॅच किती? तुम्हीच लिहिलंय, पोरांना वर्षाला १०-१२ मॅच मिळतात. म्हणजे ११ वर्षांत सव्वाशेच्या आसपास. स्पेनच्या खालच्या लीगमधला कोच हे तीन-सव्वातीन वर्षांत करतो. तुमच्यात कमी आहे ती अक्कल किंवा कोर्सची नाही हो, कमी आहे ती मॅचची, आणि ह्यात तुमचा काडीचा दोष नाही, आपल्याकडं रचनाच तशी आहे. मला ह्याचा खरंच त्रास होतो, कारण कोल्हापूरएवढं फुटबॉलवर जीव टाकणारं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही आणि तिथल्या तेरा वर्षांच्या पोराला वर्षात महिनाभर सोडला तर मॅचच नाही.

म्हणून स्पेनचे कोच आयएसएलला येतात ते स्पेनच्या कोर्समुळं येत नाहीत, त्या शेकडो रविवारांमुळं येतात. स्पेनचाच लोबेरा बघा, गोवा आणि मुंबई सिटीला त्यानं जे केलं ते तुम्ही बघितलंयच, त्याच्या आधी तो तेरासा, सान रोके दे लेपे, सेउता असल्या ठिकाणी घासून आलेला. सान रोके दे लेपे हे नाव तुम्ही ऐकलंय का? नाही ना. दहा गुंठे विकून तुम्ही तिथं जाल, कोर्स स्पॅनिशमध्ये, बार्सिलोनाकडं गेलात तर ग्राउंडवर कातालानही बोलतात, कोर्ससोबत एखाद्या क्लबमध्ये प्रॅक्टिकलचे तास भरावे लागतात, युरोपबाहेरच्या माणसाला कामाच्या परवानगीची वेगळी कटकट, आणि परत आलात की लायसन्स हातात पण रविवार कुठं आहेत? मी तिथं राहून बघितलंय, भाषा नसलेला माणूस ग्राउंडवर उभा असतो पण टीममध्ये नसतो. पोरगं चिडलंय, घाबरलंय, का पाय दुखतोय म्हणून गप्प आहे, हे शब्दात नाही तर आवाजात कळतं, आणि तुम्हाला ते कोल्हापुरातल्या पोराचं कळतं, तिथल्या पोराचं कळायला पाच वर्षं जातील. जमीन विकू नका. बी लायसन्सचा कोर्स आपल्याकडंच एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा आहे, तो करा, त्याचे पैसे नोकरीतून साठतील, मग ए. महिनाभर सुट्टी काढून स्पेनला नुसतं बघायला जाणं वेगळं, ते कधीतरी जरूर करा, एल प्रातला कुठल्या पायरीवर बसायचं ते मी सांगेन.

ही झाली तिकडची माणसं. आता इकडचा एक. मार्केझनंतर भारताचा कोच कोण झाला? खालिद जमील, ऑगस्ट २०२५. मुंबई एफसी आठवते का, आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलच्या आधीच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये, कूपरेजला खेळायची, पैसा नाही, स्टार नाही. त्या टीमला खालिदनं सात सीझन सांभाळलं, आणि शेवटी तिथून काढलंच त्याला. तो गेला ऐझॉलला आणि पहिल्याच सीझनला, २०१६-१७ ला, आय-लीग जिंकून दिली, ज्या टीमकडून कुणीच काही धरलं नव्हतं. आणि मे २०२५ च्या त्या सुपर कप फायनलला जमशेदपूरच्या बेंचवर तोच होता, मार्केझकडून ३-० हरलेला. तीन महिन्यांनी मार्केझचीच जागा त्याला मिळाली. स्पेनला न जाता.

आता ती अट. मी म्हणलं दोष किती तुमचा हे पाच मॅचवरून सांगता येत नाही, पण तुम्ही स्वतः ते शोधायला बसलात का? पत्रात क्लबबद्दल दीड पान आहे, लोक काय म्हणतात त्याच्यावर अर्धं पान, आणि मॅचबद्दल एकच ओळ, "सेट पीसवर चार गोल खाल्ले", म्हणजे कॉर्नर-फ्री किकवर. भाऊ, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे! पाच मॅचमध्ये चार गोल सेट पीसवर, म्हणजे काहीतरी होतं जे तुम्हाला दिसत होतं आणि दुरुस्त झालं नाही. वेळ मिळाला नाही? गोलकीपर बाहेर येत नव्हता? का माणूस धरून खेळायचं का जागा धरून हे पोरांना नीट सांगितलंच गेलं नाही? एक दोनशे पानी वही घ्या, पाचही मॅच आठवून लिहा, प्रत्येकीला दोन पानं, कुणाला कधी बदललं आणि का, हाफटाइमला काय बोललात, परत खेळलात तर काय कराल. क्लबला शिव्या द्यायच्या असतील तर वेगळ्या कागदावर द्या आणि तो कागद फाडून टाका. हे करायला वाईट वाटेल, पहिल्या रात्री वही उघडून बंद कराल, माहितीये. तरी करा, कारण पुढची टीम मिळेल तेव्हा हीच वही तुमच्याकडं असणार आहे.

वहिनींबद्दल. त्या "बास" म्हणतायत ते फुटबॉलला म्हणतायत असं मला वाटत नाही, त्या त्या दहा गुंठ्यांना आणि रात्री साडेअकराच्या मेसेजला म्हणतायत. जमीन विकत नाही हे आज संध्याकाळी त्यांना स्पष्ट सांगा. मग त्यांच्यासोबत बसून आकडा काढा, आठवड्यात किती संध्याकाळी ग्राउंडला, रविवार कुणाचा, कोचिंगवर महिन्याला घरातून किती पैसे जाणार आणि त्याच्यावर एक रुपया नाही. ११ वर्षं ह्या बाईनं तुमच्याशिवाय संध्याकाळी काढल्यात, तिला विचारून ठरवा, ठरवून सांगू नका.

आणि मॅच. मॅच निर्माण कराव्या लागतील, कुणी देणार नाही. तुमच्याकडं ४० पोरं आहेत म्हणता, शहरात तुमच्यासारखे शिकवणारे अजून पाच-सहा जण तुम्हाला नावानिशी माहिती असतील, मिरज-सांगलीला आहेत, गडहिंग्लजला तर फुटबॉल तुमच्याइतकाच रुजलेला आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी, अंडर-१३ आणि अंडर-१५, सहा टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी तीन-तीनदा खेळायचं. कप नको, पाहुणे नकोत, फ्लेक्स नको, एक शिट्टी आणि स्कोअर लिहायला एक वही. म्हणजे प्रत्येक टीमला १५ मॅच, दोन वयोगट धरले तर तुम्हाला एका सीझनला ३०. हे जमलं तर दोन वर्षांत तुम्ही आत्तापर्यंतच्या निम्म्या मॅच परत केल्या. कुठल्यातरी क्लबचा फोन येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, आणि फोन आला तर ह्या ३० मॅच तुमच्या मागं असतील. तेव्हा मात्र होय म्हणायच्या आधी विचारा, किती मॅच देणार, आणि ते लेखी घ्या. ऐकून न घेता फोन ठेवणारा क्लब असेल तर तो गेलेलाच बरा.

राहिला तो लेफ्ट बॅक. १९ वर्षांचं पोरगं तुम्हाला अजून सर म्हणतंय, क्लबनं काढल्यावरही, आणि तुम्ही लाजेनं गप्प बसलाय. त्याला ह्या क्लबशी देणंघेणं नाही, त्याला प्रॅक्टिस पाहिजे. तो तुमच्याकडं असताना डावीकडून क्रॉस लवकर टाकायचा का उशिरा ह्याच्यावर तुमचं काम चालू होतं असं तुम्हीच लिहिलंय, ते अर्धवट राहिलंय. त्याला आज रिप्लाय करा. शनिवारी साडेपाचला ये, बूट घेऊन ये, एवढंच लिहा.